मॉडिफाइड हॉट हॅचचे ब्रेक: घरच्या घरी, योग्य क्रमाने

हॉट हॅच म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी हॅचबॅक. तिच्या इंजिनाच्या संगणकाचा रीमॅप झाला, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) मोठा बसला, एक्झॉस्ट मोकळा झाला. गाडी आता आधीपेक्षा बरीच जोरात पळते, पण ब्रेक कंपनीने मूळ इंजिनाच्या हिशेबाने दिले तेच आहेत. यात नेमकं काय बिघडतं हे आकड्यांत पाहिलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1300 किलोची हॅचबॅक ताशी 100 किमीने जात असेल तर तिच्यात साधारण 5 लाख ज्यूल ऊर्जा असते. तीच गाडी 140 ला पोचली की आकडा 9.8 लाखांवर जातो. वेग वाढला 40 टक्के, ऊर्जा झाली जवळपास दुप्पट. थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलावी लागते. त्यात हॉट हॅचचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, आणि ब्रेक दाबला की उरलेलं वजनही पुढे झुकतं. त्यामुळे 70 टक्के किंवा त्याहून जास्त भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. साडेसहा किलोची ओतीव लोखंडाची डिस्क धरून ढोबळ हिशेब केला तर 100 वरून एकदा थांबताना ती 55 ते 60 अंशांनी तापते, 140 वरून थांबताना 110 च्या आसपास. एकदा थांबायला हे काहीच नाही. पण घाट उतरताना किंवा ट्रॅकवर डिस्क निवायच्या आत पुढचं वळण येतं आणि तापमान चढतच जातं.

म्हणून ब्रेक अपग्रेड हे मुळात उष्णतेचा बंदोबस्त करण्याचं काम आहे, असं मी मानतो. पहिल्यांदा थांबायला लागणारं अंतर टायर ठरवतात. ब्रेक थंड असताना पेडल जोरात दाबल्यावर एबीएस (चाक अडू न देणारी यंत्रणा) थरथरत असेल तर चाक अडवण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आधीच आहे, फक्त टायरची पकड संपलेली आहे. अशा गाडीला सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लावूनही ते अंतर कमी होत नाही. मोठ्या ब्रेकचा उपयोग पाचव्या, सहाव्या, दहाव्या वेळी दिसतो. टायर गुळगुळीत किंवा जुने होऊन कडक झालेले असतील तर आधी ते बदला.

आधी दुखणं ओळखा

पेडल काय सांगतं ते नीट ऐकलं तर निम्मा खर्च वाचतो. पेडल घट्ट आहे, पायाला पूर्ण विरोध करतंय, पण गाडी थांबायला तयार नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेले. उपाय: वरच्या दर्जाचे पॅड. पेडल मऊ पडलं, खाली खाली जायला लागलं, पंप केल्यावर थोडं वर आलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते, आणि तुमचा पाय डिस्कवर जोर लावण्याऐवजी ती वाफ दाबत बसतो. पॅड फेड झाले, म्हणजे तापून त्यांची पकड गेली, तर थोडा तरी ब्रेक हातात राहतो. ऑइल उकळलं तर काहीच उरत नाही, म्हणून हे दुसरं लक्षण जास्त गंभीर.

पेडल थंड गाडीतही मऊ असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे, रबरी होज (ऑइल नेणाऱ्या लवचीक नळ्या) फुगतायत किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन अडकल्यायत. गाडी एका बाजूला खेचत असेल तर त्या किंवा समोरच्या बाजूचा पिस्टन किंवा पिन जाम झाली आहे. यातलं काहीही महागडा किट लावून बरं होत नाही.

पेडलपासून पॅडपर्यंतचा अख्खा रस्ता तपासायचा असतो, याचं एक जुनं उदाहरण पहिल्या पिढीच्या गोल्फ जीटीआयचं आहे. 1976 साली आलेल्या या गाडीला पुढे 239 मिमीच्या व्हेंटिलेटेड डिस्क होत्या. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या मॉडेलमध्ये मात्र बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) डावीकडेच ठेवून पेडलची हालचाल आडव्या दांड्यातून तिकडे नेली होती. तो दांडा आणि त्याचे जोड लवचीक पडायचे आणि ब्रेक कायम मऊ वाटायचे. तिथे नुसता मोठा कॅलिपर बसवून पेडलमधला तो मऊपणा जाणार नव्हता.

खरेदीआधी एकदा चाकं उतरवून पॅड काढून बघा. दोन्ही पॅड हातात घ्या आणि कडेने पाहा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप जास्त झिजला असेल तर स्लाइड पिन सरकत नाहीत. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर कॅलिपर वाकडा बसतोय किंवा उघडतोय. कडांचा रंग राखाडी-पांढरा झालाय, मटेरियल नखाने उकरलं तर भुगा पडतोय, तर तो पॅड भाजून निघालाय. पिस्टनच्या तोंडावरचं रबरी बूट कडक होऊन तडकलंय का, डिस्कवर निळसर पट्टे आहेत का, हेही बघा. इतकं पाहिल्यावर गाडी नेमकी कुठे कमी पडते हे तुम्हाला कोणत्याही कॅटलॉगपेक्षा नीट कळेल.

पहिलं ब्रेक ऑइल

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट 4 मानकाची किमान अट कोरडं असताना 230 अंश आणि ओलं असताना 155 अंश अशी आहे. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180. ओलं म्हणजे सुमारे 3.7 टक्के पाणी शिरलेलं. याचा अर्थ काही वर्षं न बदललेलं ऑइल नव्यापेक्षा 70-80 अंश आधी उकळू शकतं. नुसतं ताजं, चांगलं डॉट 4 भरून अनेक गाड्यांचं निम्मं दुखणं जातं. रेसिंगच्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू 300 च्या वर असतो, पण ते वारंवार बदलावं लागतं. वर्षातून एखादाच ट्रॅक डे असेल तर त्याची गरज नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. डॉट 5 हे सिलिकॉनचं ऑइल आहे. नाव 5.1 च्या जवळचं असलं तरी त्याची जात वेगळी, ते यात मिसळायचं नाही. आणि ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी प्रणाली) असलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांना पातळ, म्हणजे लो व्हिस्कॉसिटी डॉट 4 लागतं. कारण थंडीत ऑइल घट्ट झालं तर एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमधून ते पुरेशा वेगाने जात नाही. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असेल तर तेच भरा.

मग पॅड

पॅड निवडताना ब्रँडच्या आधी तापमानाचा पट्टा बघा. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा पॅड सकाळी पहिल्याच सिग्नलला धरला पाहिजे. शुद्ध रेस पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात. रस्ता अधिक अधूनमधून ट्रॅक, असा वापर असेल तर फास्ट रोड प्रकारातला पॅड घ्या. ट्रॅकवर वारंवार जाणार असाल तर पॅडचे दोन वेगळे सेट ठेवून तिथे जाताना बदलणं हा सगळ्यात समंजस मार्ग आहे.

काही पॅडच्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरांचा घर्षण कोड छापलेला असतो. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं गरम अवस्थेचं. ई म्हणजे घर्षण गुणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होणार हे आधीच कळतं. युरोपातल्या आर 90 मंजुरीचे पॅड मूळ पॅडच्या आसपासचीच पकड देतात, त्यात 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं. रोजच्या गाडीला हे सुरक्षित आहे, ट्रॅकच्या तापमानाची हमी मात्र त्यात नाही.

मागचे पॅड पुढच्यांपेक्षा जास्त पकडीचे घेऊ नका. हॉट हॅचची मागची बाजू हलकी असते. वळणात ब्रेक धरल्यावर मागची चाकं आधी अडली तर गाडी फिरते. दोन्हीकडे एकाच कंपनीचं, एकाच जातीचं मटेरियल किंवा मागे थोडं सौम्य, असं ठेवा.

होज आणि डिस्क

आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची वीण असलेले होज दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे पेडल नेमकं वाटतं. थांबायचं अंतर यांनी कमी होत नाही. जुने रबरी होज दहा-बारा वर्षांचे असतील तर मात्र मी हे काम डोळे झाकून करेन. गाडीच्याच मॉडेलसाठी बनवलेले, दाबाची चाचणी झालेले होज घ्या.

डिस्कच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: साधी, चांगल्या ओतकामाची व्हेंटिलेटेड डिस्क किंवा खाचांची डिस्क घ्या. खाचांमुळे पॅडचा वरचा थर सतत ताजा राहतो. आरपार भोकं पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, पण ट्रॅकच्या उष्णतेत भोकांच्या कडांपासून तडे सुरू होतात. व्यास वाढवला की फायदा दोन बाजूंनी होतो. 288 वरून 312 मिमीवर गेलात तर पॅड केंद्रापासून 12 मिमी लांब पकडतो, म्हणजे त्याच पेडलला साधारण 10 टक्के जास्त टॉर्क. शिवाय उष्णता साठवायला लोखंडही जास्त.

हा व्यास मिळवायचा सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे त्याच प्लॅटफॉर्मवरच्या ताकदवान गाडीचे ब्रेक. सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला पुढे 312 × 25 मिमी डिस्क होत्या आणि परफॉर्मन्स पॅक घेतला की 340 × 30. एकाच कारखान्यातल्या एकाच मॉडेलचे दोन संच, म्हणजे मोठा संच त्या गाडीवर कसा वागतो हे कंपनीनेच तपासलेलं आहे. तुमच्या गाडीला असा मोठा भाऊ आहे का, ते आधी शोधा.

कॅलिपर बदलायचाच असेल तर हिशेब करा

इथे लोक पिस्टनची संख्या बघून पैसे घालवतात. बघायचं असतं ते पिस्टनचं क्षेत्रफळ. सरकत्या कॅलिपरमध्ये 54 मिमीचा एक पिस्टन असेल तर त्याचं क्षेत्रफळ 2290 चौरस मिमी येतं. स्थिर चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये तुलना करताना फक्त एका बाजूचे दोन पिस्टन धरायचे. ते 38 मिमीचे असतील तर बेरीज 2268, म्हणजे जवळजवळ मूळइतकीच. 40 मिमीचे असतील तर 2513, सुमारे 10 टक्के जास्त. 42 मिमीचे असतील तर 2771, म्हणजे 21 टक्के.

हे 21 टक्के ऐकायला छान वाटतात. पण पिस्टन तेवढाच सरकवायला ऑइलही त्याच प्रमाणात जास्त लागतं. पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच असल्याने पेडल जास्त खोल जातं. शिवाय ब्रेकचा तोल पुढे सरकतो, मागचे ब्रेक नुसते सोबतीला उरतात आणि एबीएस पुढच्या चाकांवर लवकर जागा होतो. म्हणून क्षेत्रफळ मूळच्या जवळ ठेवा आणि फायदा डिस्कच्या व्यासातून, जाडीतून आणि कॅलिपरच्या ताठपणातून घ्या. किट विकणारा पिस्टनचे व्यास सांगू शकत नसेल तर तो किट घेऊ नका.

मोठा कॅलिपर चाकात मावतो का, हे चाकाच्या इंचांवरून ठरवता येत नाही. एकाच मापाच्या दोन अलॉयच्या आऱ्यांचा आकार वेगळा असतो. किटचा कागदी साचा जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, चाकाच्या आत फिरवून बघा. आऱ्यांपासून किमान 3 मिमी मोकळे हवेत, आणि आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं घासत नाहीत हेही तपासा. स्पेसर लावावा लागला तर तो हबवर नेमका बसणारा हवा आणि बोल्ट मूळपेक्षा त्या जाडीइतके जास्त लांब.

काम सुरू करण्याआधी

टॉर्क रेंच, जॅक स्टँड, फ्लेअर नटचा पाना, पिस्टन मागे ढकलायचं हत्यार, वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, सिलिकॉन ग्रीस, नवे तांब्याचे वॉशर, कॅलिपर ब्रॅकेटचे नवे बोल्ट आणि गरजेपेक्षा एक बाटली जास्त ऑइल. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. टॉर्कचे आकडे गाडीगणिक बदलतात, ते तिथूनच घ्यायचे.

जमीन सपाट आणि कठीण असावी. मागच्या चाकांना अडकण लावा, पुढचे चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला. स्टँड लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. ती डुलली तर उतरवून पुन्हा लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, मास्क लावा आणि क्लीनरने ओली करून पुसा. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे पंख्यावर म्हणजे मडगार्डवर फडका टाका आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवा. थेंब पडला की लगेच पाणी ओता.

हे काम आयुष्यात पहिल्यांदाच करत असाल तर अनुभवी माणूस शेजारी असू द्या. एकदम चारही चाकं उघडू नका. एक बाजू पूर्ण करा, दुसरी जशीच्या तशी ठेवा, म्हणजे काही शंका आली तर बघायला नमुना राहतो.

पुढची बाजू उघडणं आणि बसवणं

होज बदलणार असाल तर सगळ्यात आधी लोखंडी पाइप आणि होज यांच्या जोडावरचा नट सैल करून बघा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर उत्तम. साधा पाना त्या नटाच्या कडा गोल करतो, म्हणून फ्लेअर नटचाच वापरा. नटासोबत पाइपही पिळत असेल तर तिथेच थांबा, नाहीतर पाइपच बदलावा लागेल. हे आधी करायचं कारण साधं आहे: नट सुटला नाही तर गाडी अजून चालण्याजोगी असते.

होज उघडल्यावर टाकीतलं ऑइल सगळं वाहून जाऊ नये म्हणून एक जुनी युक्ती आहे. इग्निशन बंद ठेवून पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबा आणि सीटला टेकवलेल्या काठीने तिथेच धरून ठेवा. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन टाकीकडची वाट बंद करतो आणि गळती थेंबांवर येते. ब्रेकचे दिवे लागून राहतील, त्यामुळे काम लांबणार असेल तर बॅटरीकडे लक्ष द्या.

कॅलिपर सुटला की त्याला होजवर लोंबू देऊ नका, स्प्रिंगला तारेने बांधा. जुनाच कॅलिपर वापरणार असाल तर पिस्टन मागे ढकलताना ब्लीड निपल (कॅलिपरवरचा हवा आणि ऑइल काढायचा छोटा स्क्रू) उघडा, म्हणजे तळाचं घाण ऑइल एबीएसकडे न जाता बाहेर पडेल. डिस्कला धरणारा छोटा स्क्रू बहुधा जाम असतो. त्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडा मारला तर सुटतो, नुसत्या स्क्रूड्रायव्हरने खाच मात्र खराब होते.

आता हबचा चेहरा. इथे घाई करू नका. वायर ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने हब चकचकीत होईपर्यंत घासा, स्टडच्या किंवा बोल्टच्या भोकांभोवतीचा गंज टोकदार हत्याराने काढा आणि बोट फिरवून बघा. बोटाला काहीही खरखरीत लागता कामा नये. हबवर 0.05 मिमीचा गंजाचा कण राहिला तर डिस्कच्या कडेला ते डगमगणं दुपटीहून जास्त होतं. प्रत्येक फेरीला डिस्क पॅडला एकाच जागी हलकेच घासते, काही हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी असमान होते आणि पेडल थरथरायला लागतं. डिस्क वाकली असं ज्याला म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असतं किंवा पॅडच्या मटेरियलचे असमान थर. डायल गेज असेल तर डिस्क सगळ्या बोल्टने आवळून रनआउट, म्हणजे हे डगमगणं, मोजा. तो मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर डिस्क एका भोकाने फिरवून पुन्हा मोजा.

नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो क्लीनरने किंवा साबणाच्या गरम पाण्याने पूर्ण काढा. आतल्या पात्या वक्र असतील तर डाव्या आणि उजव्या डिस्क वेगळ्या असतात. फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेल्या पात्या हवा मधून ओढून बाहेर फेकतात. खाचांच्या दिशेवरून बाजू ठरवू नका, पात्या बघा.

ब्रॅकेट नव्या बोल्टने, मॅन्युअलच्या टॉर्कवर. स्लाइड पिन पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. पेट्रोलियमचं साधं ग्रीस इथे रबर फुगवतं आणि पिन अडकते. पॅडचे कान जिथे सरकतात तिथे गंज काढा आणि सिरॅमिक ग्रीसचा अगदी हलका हात द्या. पॅड हाताने ढकलल्यावर सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

कॅलिपर बसवताना ब्लीड निपल वरच्या टोकाला आहे ना, हे दोनदा बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर निपल खाली येतो, हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि तासन्‌तास ब्लीडिंग करूनही पेडल मऊच राहतं. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला होजच्या दोन्ही बाजूंनी नवे वॉशर. होज पिळलेला नाही हे पाहून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, चाक लोंबलेलं असताना एकदा आणि जॅकने सस्पेन्शन दाबून एकदा. होज कुठे ताणला जातो, टायरला लागतो का, ते डोळ्यांनी बघा.

मागचे ब्रेक

इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने किंवा गाडीच्या मेनूतून सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका. जोर लावून ढकललं तर मोटर आणि तिची यंत्रणा मोडते. केबलचा हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन दाबत दाबत फिरवून आत न्यावा लागतो. शेवटी पिस्टनच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरच्या खिट्टीशी जुळवा.

हवा काढणं

दोघांनी मिळून करायची जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. एकजण पेडल हळू दाबून धरतो, दुसरा निपल पाव फेरा उघडतो, ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत येतं, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं हवं. जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत नेऊ नका. मास्टर सिलिंडरचा रोज न वापरला जाणारा भाग गंजलेला असू शकतो आणि त्यावरून सील गेले की ते फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

चाकांचा क्रम मॅन्युअलमधून घ्या. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. चार पिस्टनच्या कॅलिपरला दोन निपल असतील आणि कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर आधी आतला, मग बाहेरचा. मध्येच कॅलिपरवर रबरी हातोडीने टकटक करा. चिकटून बसलेले बारीक बुडबुडे सुटतात आणि नळीत मोत्यांच्या सरीसारखे वर येताना दिसतात. ते येणं थांबून ऑइल एकसंध, नव्या रंगाचं येईपर्यंत पुढच्या चाकाकडे जाऊ नका. निपल आतून पोकळ असतो, फार आवळला तर तुटतो.

टाकीतली पातळी मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर स्कॅनरने त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय ती बहुधा निघत नाही.

सगळं झाल्यावर इंजिन बंद असताना पेडल पंप करून घट्ट करा. मग इंजिन सुरू करून पाय पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून ठेवा. इंजिन सुरू होताना पेडल थोडं खाली जाणारच, बूस्टर कामाला लागतो. पण त्यानंतर ते हळूहळू बुडत राहिलं तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोड कोऱ्या टिश्यू पेपरने पुसून ओल तपासा. गाडी हलवण्याआधी हे झालंच पाहिजे. पिस्टन मागे ढकललेल्या गाडीचं पहिलं पेडल थेट तळाला जातं.

बेडिंग

नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना लागेपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. पॅडच्या मटेरियलचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. पॅडसोबत आलेली सूचना सगळ्यात आधी. ती नसेल तर हा क्रम चालतो: रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर आधी 60 वरून काही हलके ब्रेक. मग 100 वरून 30 पर्यंत मध्यम ते जोरदार, आठ-दहा वेळा, एबीएस जागा होऊ न देता आणि गाडी पूर्ण न थांबवता. वास येईल, थोडा धूरही दिसेल. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवत ठेवा.

तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून थांबून राहू नका. पॅड ज्या जागी टेकलेला असतो तिथे मटेरियलचा ठसा उमटतो आणि तोच पुढे थरथर बनून परत येतो. उतरल्यावर हँडब्रेकही लावू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

पहिले काहीशे किलोमीटर आणि ट्रॅक

पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, चाक काढून जोड कोरडे आहेत का आणि होजवर घासल्याची खूण आहे का ते बघा. डिस्कवर पॅडचा पट्टा पूर्ण उंचीभर एकसारखा दिसायला हवा. नियमांनुसार बदलाची नोंद लागत असेल तर ती करा, विमा कंपनीलाही कळवा.

ट्रॅकवर जाताना ईएसपी आणि ब्रेकने चालणारा इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल काय करतो हे माहीत असू द्या. 2009 च्या सहाव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयसोबत फोक्सवॅगनने आणलेली एक्सडीएस ही अशीच प्रणाली आहे. वळणात आतल्या पुढच्या चाकाला ती हलका ब्रेक लावते, गाडी छान वळते, पण तुम्ही पाय ठेवलेला नसतानाही ब्रेक तापत राहतात. सरळ रस्त्यावर त्यांना निवायला वेळ द्या, शेवटची फेरी ब्रेक वाचवत पूर्ण करा. पॅड निम्म्यावर आले की ट्रॅकसाठी बदला. पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते.

आणखी पुढे काही करायची गरज आहे का, हे डिस्कच्या कडेला थर्मल पेंट लावून ठरवा. प्रचलित संचात हिरवा रंग 430 अंशांना, केशरी 560 ला आणि लाल 610 ला बदलतो. फक्त हिरवा बदलला तर फास्ट रोड पॅडनेही बहुधा भागतं. केशरी बदलत असेल तर आणखी मोठी डिस्क शोधण्याआधी हवेचा डक्ट करा: बंपरमधून नळी थेट हबच्या मध्याकडे न्या, म्हणजे हवा डिस्कच्या पात्यांच्या आत शिरेल. डिस्कच्या एकाच बाजूवर झोत सोडला तर ती बाजू निवते, दुसरी तापलेलीच राहते आणि डिस्कला तडे जातात. मागचं पत्र्याचं कव्हर पूर्ण काढून टाकू नका, तापलेल्या डिस्कपासून बॉल जॉइंटचं रबर आणि एबीएसची वायर तेच वाचवतं. डक्टच्या तोंडाएवढंच भोक त्यात पाडा.